चोरलकाठचा मुक्काम आणि खरकट्या पाण्याची सोय

इंदुरात नळाला पाणी आलं की आमच्या घरात अजूनही ‘नर्मदा आली’ असंच म्हणतात. मंडलेश्वरजवळ जलूदला हे पाणी उचलतात आणि सत्तरेक किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून शहरात आणतात. आता नकाशावर बोट थोडं वर सरकवा. खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे लागणारी चोरल नदी, जिच्या काठी आपण शनिवार-रविवार तंबू टाकायला जातो, ती बडवाहजवळ नर्मदेलाच मिळते. जलूद त्या संगमाच्या खालच्या अंगाला आहे. चोरलच्या डोहात घासलेल्या पातेल्याचं पाणी वाटेत कितीही पातळ झालं, पुढे कितीही शुद्ध केलं, तरी त्याची वाट आपल्या घराकडेच येते. आणि आपल्या आधी ते काठावरच्या गावांतल्या गुराढोरांपर्यंत पोचतं.

माझ्या पहिल्या मुक्कामाला मी नेमकं हेच केलं होतं. पिठल्याचं पातेलं, ताटं, कढई, सगळं उचलून प्रवाहाशी नेलं, भांडी घासायचा लिक्विड साबण सढळ हाताने ओतला आणि वाहत्या पाण्यात खळखळून धुतलं. वाहतं पाणी आहे, जाईल निघून, असं वाटलं होतं. सकाळी खालच्या वळणावर गेलो तर दोन खडकांच्या बेचक्यात फेस अडकून बसलेला, त्यात भाताची शितं, आणि एका शिताला छोटे मासे टोचत होते. एक बाई म्हैस घेऊन आल्या. त्यांनी हाताने फेस बाजूला सारला, म्हशीला पुढे घेतलं, ती पाणी पिईपर्यंत तो फेस तसाच हाताने अडवून धरला. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या हाताची आठवण ठेवून मी पुढची सगळी पद्धत शिकलो, आणि नव्याने मुक्कामाला निघणाऱ्यांना ती नीट सांगावी असं मनापासून वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. इथे सांडपाणी म्हणजे भांड्यांचं, हात-तोंड धुतल्याचं, अंघोळीचं, कपड्यांचं पाणी. संडासचं पाणी यात धरलेलं नाही. त्याची व्यवस्था वेगळी, जागाही वेगळी. दोन्ही कधीच एकत्र करू नका.

घरातून निघण्याआधी

सांडपाण्याचं निम्मं काम स्वयंपाकघरातच होतं. मुक्कामाला काय शिजवायचं हे ठरवलं की किती पाणी वाया जाणार तेही ठरतं. इंदूरकर बाहेर पडला की दाल-बाफल्यांचा (कणकेचे उकडून भाजलेले गोळे आणि डाळ) बेत होतोच, आणि तुपात बुडवलेल्या बाफल्यांची परात धुवायला जेवढं पाणी आणि साबण लागतो तेवढ्यात बाकीचा सगळा दिवस निघतो. बेत करायचाच असेल तर करा, पण मग परात धुण्याची तयारीही करा. नवख्यांना माझा सल्ला असा की पहिल्या दोन-तीन मुक्कामांना दशम्या, थालीपिठं, मेतकूट-भात, मुगाची खिचडी, पोहे एवढ्यावर राहा. दशम्या-थालीपिठं घरूनच करून न्या. ताटांऐवजी खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांच्या पत्रावळी आणि द्रोण घेतले तर धुणं आणखी घटतं. त्या प्लास्टिकचा थर लावलेल्या नाहीत ना, एवढं घेतानाच बघा.

चार माणसं सांभाळून वागली तर आमचं दिवसाचं सांडपाणी दहा-बारा लिटरांत आटपतं. सांभाळलं नाही, तर चाळीस लिटरही कमी पडतात. त्यामुळे सामानात हे हवंच: वीस लिटरचा घट्ट झाकणाचा एक कॅन फक्त वापरलेल्या पाण्यासाठी (आम्ही त्याच्या कानाला लाल कापड बांधतो, म्हणजे अंधारात पिण्याच्या कॅनशी गल्लत होत नाही), दोन पसरट टब, बारीक जाळीचं गाळणं, एक जुना सुती पंचा, रबरी किंवा लाकडी उलथणं, भांडी घासायला नारळाची शेंडी, एक खुरपी, रद्दीचे कागद आणि खरकट्यासाठी झाकणाचा डबा. फवाऱ्याची एखादी बाटली असली तर फार उपयोगी पडते. मगाने ओतलेल्या पाण्यात एक ताट धुऊन होतं, तेवढंच पाणी फवाऱ्यात घातलं तर पाच-सहा ताटं निघतात.

साबणाबद्दल, जरा सविस्तर

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज होतो. बाटलीवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलं आहे म्हणून तो साबण नदीत चालतो असं समजतात. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की जिवाणू त्याचं विघटन करू शकतात. ते जिवाणू भरपूर असतात मातीत. नदीच्या गार, वाहत्या पाण्यात हे काम फार सावकाश होतं आणि तोवर साबणाने करायचं ते नुकसान करून झालेलं असतं. साबणातलं जे द्रव्य तेल सोडवतं तेच माशांच्या कल्ल्यांवरचा चिकट संरक्षक थर सोडवतं. पाण्याचा पृष्ठताणही त्याने कमी होतो, म्हणून पाण्यावर चालणारे किडे बुडतात. शिवाय काही पावडरींत फॉस्फेट असतं. डोहासारख्या साचलेल्या पाण्यात ते शेवाळाला खत ठरतं, शेवाळ माजतं, मरून कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं.

‘मग आम्ही रिठे वापरू, ते तर नैसर्गिक आहेत,’ असं म्हणणारेही भेटतात. रिठ्यात आणि शिकेकाईत फेस आणतं ते सॅपोनिन. हे सॅपोनिन माशांसाठी विषारी असतं. सॅपोनिन असलेल्या वनस्पती कुटून पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची पद्धत जगभर अनेक ठिकाणी होती. तेव्हा रिठे जरूर वापरा, पण नदीपासून लांब, साबणाइतक्याच काळजीने. चुलीची राखही तशीच. तुपकट भांड्यावर राख फार छान काम करते, कारण ती क्षारयुक्त असते आणि तुपाशी मिळून स्वतःच थोडासा साबण तयार करते. आमच्या आज्या उगाच राखेने भांडी घासत नव्हत्या. पण राखेचं पाणीही जमिनीलाच द्यायचं.

चार माणसांच्या भांड्यांना अर्धा चमचा लिक्विड साबण पुरतो. खरंच पुरतो, करून बघा. ब्लीच, फिनेल, जंतुनाशक द्रव यांपैकी काहीही सांडपाण्यात मिसळू नका. आपण ज्या जिवाणूंवर भरवसा ठेवून पाणी मातीला देतो त्यांनाच ते मारतं.

जागा निवडणं

पोचल्यावर तंबूची जागा ठरवतानाच सांडपाण्याची जागाही ठरवा, अंधार पडण्याआधी. नदी, ओढा, तलाव, विहीर, हातपंप या सगळ्यांपासून निदान साठ मीटर. मोजपट्टी लागत नाही. मोठ्या माणसाची साधारण ऐंशी पावलं. विहिरीच्या वरच्या उतारावर तर ऐंशी पावलांनीही समाधान मानू नका, सरळ दुसऱ्या बाजूला जा.

माळव्यात एक फसगत नेहमी होते. मार्च-एप्रिलमध्ये ओढे कोरडे पडतात आणि त्यांचं पात्र छान सपाट, वाळूचं, पाणी टाकायला सोयीचं दिसतं. तिथे टाकू नका. जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात तिथलं सगळं उचलून नदीत जातं. झुडपांच्या फांद्यांत अडकलेला वाळका पालापाचोळा आणि प्लास्टिक बघा. ते जिथवर अडकलेलं दिसतं तिथवर पुराचं पाणी येतं. त्या रेषेच्या वर जायचं.

वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्रीचा मुक्काम करायचाच नाही. शेताच्या कडेला उतरला असाल तर पाणी कुठे टाकू हे शेतकऱ्याला विचारा. ‘काका, भांड्यांचं पाणी कुठे टाकलं तर चालेल?’ एवढं विचारलं की ते स्वतः येऊन जागा दाखवतात, बहुतेक वेळा बांधाच्या पलीकडची. उभ्या लसणात किंवा गव्हात ओतू नका. साबणातला सोडियम काळ्या चिकण जमिनीला मानवत नाही, तिचे कण सुटे होऊन ती आणखी घट्ट बसते.

माती काय म्हणते ते बघा

हा भाग कोणी करत नाही आणि म्हणूनच मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माळव्याची काळी जमीन बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात पाणी जिरायचा वेग फार कमी. चिकण मातीत तासाला १ ते ५ मिलिमीटर पाणी जिरतं, पोयट्याच्या जमिनीत १० ते २०, वाळूमिश्रित पोयट्यात २० ते ३०. आता हिशोब करा. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी पसरलं की त्याचा थर बरोबर १ मिलिमीटरचा होतो. दहा लिटर पाणी एका चौरस मीटरवर ओतलं तर काळ्या मातीला ते प्यायला दोन तासांपासून दहा तासांपर्यंत काहीही लागेल. तोवर ते वर साचणार, उताराने वाहणार. तेच दहा लिटर दहा चौरस मीटरवर शिंपडलं तर थर एकाच मिलिमीटरचा, तासाभरात जागा कोरडी.

पारख अशी करा. खुरपीने वीतभर रुंद, वीतभर खोल खड्डा घ्या. एक तांब्या साधं पाणी ओता आणि जिरू द्या, म्हणजे कोरडी माती आधी आपली तहान भागवते. मग दुसरा तांब्या ओता आणि घड्याळ लावा. तासाभरात जिरलं तर जमीन चांगली आहे. दोन तासांनीही खड्ड्यात पाणी दिसत असेल तर तिथे शोषखड्डा करायचा नाही. पातळ शिंपडा किंवा कॅनमध्ये भरून घरी न्या. मुरमाड जागेत उलट अडचण, पाणी फार चटकन खाली उतरतं आणि मातीला ते स्वच्छ करायला वेळच मिळत नाही. अशा ठिकाणी पसरून, थोडं थोडं टाकावं.

आणि उन्हाळ्यातल्या भेगा. काळी जमीन तापली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्यात पाणी ओतलं की गडप. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय छान जिरलं! ते जिरलेलं नसतं, वरच्या सजीव थराला वळसा घालून खाली गेलेलं असतं. घाण खाऊन टाकणारे जिवाणू मुख्यतः वरच्या वीत-दीड वीत मातीत राहतात, कारण हवा आणि सेंद्रिय अंश तिथे असतो. म्हणूनच शोषखड्डाही खोल खणायचा नसतो.

भांडी धुणं

धुण्याआधी पुसायचं. हा एक नियम पाळला तरी अर्धी लढाई जिंकली. बाफल्यांची परात घ्या. कडेला तूप, मधे डाळीचा वाळत आलेला पापुद्रा. आधी उरलेल्या बाफल्याच्या तुकड्याने ती निपटून खा. हिवाळ्यात माळव्याची रात्र गार असते, त्याचा फायदा घ्या: परात अर्धा तास बाहेर झाकून ठेवली की तूप पांढरं होऊन थिजतं आणि उलथण्याने साबणाच्या वडीवरून पापुद्रा काढावा तसं निघून येतं. ते खरकट्याच्या डब्यात. मग रद्दीच्या कागदाने एकदा पुसा, तोही डब्यात. आता परातीवर हात फिरवला तर बोट नुसतं ओशट लागेल, एवढंच उरलेलं असतं. त्यावर चिमूटभर राख किंवा कोरडं बेसन चोळून पुन्हा पुसलं की धुवायला पाव लिटर पाणी पुष्कळ झालं. पातेल्याच्या बुडाची पिठल्याची खरपूड तर कोणी धुतच नाही, ती आधी संपते.

मग दोन टब. पहिल्यात दोन लिटर गरम पाणी आणि साबणाचे थेंब, दुसऱ्यात दोन लिटर साधं पाणी. पेले आणि चमचे आधी, ताटं नंतर, कढई शेवटी. हा क्रम उलटा केला की पहिल्याच मिनिटाला पाणी तेलकट होतं आणि सगळं बदलावं लागतं. दुसऱ्या टबातलं पाणी फारसं मळलेलं नसेल तर पुढच्या जेवणाला तेच पहिल्या टबात घ्या. पण त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. शेवटी भांडी उन्हात पालथी घाला.

गाळा, मग सडा घाला

गाळण्यावर पंचा दुहेरी करून धरा आणि टबातलं पाणी सावकाश ओता. पंच्यात राहिलेली शितं, मिरचीच्या बिया, कोथिंबिरीची काडी, सगळं डब्यात. एवढा बारकावा कशाला, असं वाटेल. एका मुक्कामाचा चमचाभर भात मातीत टाकला तर त्या वासावर रात्री कोल्हे, रानडुकरं, कुत्री येतात, आणि महूच्या बाजूच्या जंगलांत कुत्र्यांच्या मागे बिबट्याही येऊ शकतो. तुम्ही निघून जाल, पण पुढच्या शनिवारी त्याच जागी दुसऱ्यांचा तंबू असेल.

गाळलेलं पाणी कोमट किंवा गार होऊ द्या. उकळतं पाणी मुळांना आणि जिवाणूंना भाजतं. मग दारात सडा घालतो तसं हाताने किंवा मगाने लांब, पातळ शिंपडा. गवताळ, ऊन लागणारी, मातीची जागा. उघड्या खडकावर कधीच नको: चोरलकाठचे काळे खडक मोठे सपाट असतात, त्यावर साबण वाळून बसतो आणि पहिल्या सरीबरोबर नदीत जातो. दर वेळी जागा थोडी बदला.

आमच्या रामबागेतल्या जुन्या घरी मोरीचं पाणी मागच्या केळीला आणि अळूला जायचं. मोरीतून पन्हळ, पन्हळीशी विटांचे तुकडे, पुढे केळी. रानातही करायचं ते हेच, फक्त तिथे केळ नसते म्हणून पाणी पसरून द्यायचं.

सहा-आठ माणसं असतील आणि मुक्काम दोन रात्रींपेक्षा जास्त असेल, तेव्हाच शोषखड्डा करा, तोही पारख झाल्यावर. हातभर लांब-रुंद, वीतभर खोल. वरच्या गवताची ढेप अख्खी कापून सावलीत बाजूला ठेवा. तोंडावर वाळक्या गवताची जुडी आडवी ठेवा. पाणी तिच्यातून ओतलं की उरलेलं तेल गवताला धरतं. रोज जुडी बदला आणि जुनी डब्यात टाका. निघताना माती परत भरून ढेप जागच्या जागी बसवा आणि तांब्याभर स्वच्छ पाणी घाला.

घरी न्यायचं नसेल तर वापरलेलं पाणी साठवून ठेवणं वाईट. चोवीस तासांत त्याला घाण वास सुटतो, कारण त्यातला प्राणवायू संपतो आणि कुजवणारे जिवाणू बळावतात. रोजचं रोज संपवा.

अंघोळ, दात, कपडे

दोन रात्रींत कपडे धुवायचे नाहीत, एवढं ठरवून टाका. अंघोळीला ओला पंचा पुरे. डोहात उतरायचं असेल तर अंगावरचं सनस्क्रीन, डासांचं मलम, डोक्याचं तेल आधी लांब जाऊन पुसून या, आणि साबण तंबूतच ठेवा. नर्मदा परिक्रमा केलेली माणसं आपल्या कुणाकुणाच्या घरी असतात. त्यांना विचारा, मैयेत साबण न लावण्याचा नेम त्यांच्यापैकी अनेकांनी पाळलेला असतो. साबण लावून अंघोळ हवीच असेल तर बादली ऐंशी पावलं लांब न्या. दात घासताना चूळ एका जागी न टाकता फवारा मारल्यासारखी पसरून टाका. ओले वाइप्स वापरत असाल तर ते परत आणा, त्यात बहुतेक वेळा प्लास्टिकचा धागा असतो.

पावसाळ्यात

जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं इंदूर पाताळपाणी, तिंछा, चोरलकडे धावतं. नेमकं तेव्हाच जमीन तुडुंब प्यालेली असते. शिंपडलेलं पाणी जिरत नाही, वरच्या वर ओढ्याला लागतं. म्हणून पावसाळ्यात काहीही जमिनीला द्यायचं नाही, सगळं कॅनमध्ये. वीस लिटर म्हणजे वीस किलो, पण जाताना भरलेले पिण्याचे कॅन त्याच गाडीत मावलेच होते.

व्हॅनमध्ये टाकी बसवून फिरणाऱ्यांनाही हेच लागू. टाकीचा नळ घाटात उघडा ठेवून ठिबकत जाणं म्हणजे नदीत टाकण्यासारखंच आहे. नदी-नाल्यात घाण सोडणं १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या २४ व्या कलमाने मना आहे, हेही माहीत असू द्या.

घरी आल्यावर

कॅन न्हाणीघरात किंवा संडासात रिकामा करा, जिथून पाणी ड्रेनेजच्या लाइनला जातं. रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारीत नको. ती नाल्याला मिळते, नाला कान्ह नदीला आणि कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर (म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं) ठरलं ते घरोघरचं सांडपाणी नाल्यांतून काढून ड्रेनेजला जोडल्यामुळे. त्यात आपल्या कॅनचं पाणीही आलं. खरकट्याचा डबा दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडीच्या ओल्या कप्प्यात, वाइप्स वेगळे काढून.

मग कॅनमध्ये दोन तांबे गरम पाणी आणि मूठभर तांदूळ घालून जोरात हलवा. आतला ओशट थर तांदळाने सुटतो. पाणी गाळून ओता. पंचा उकळत्या पाण्यात घाला. कॅनचं झाकण काढून दोन दिवस गच्चीवर उन्हात पालथा ठेवा, आणि लाल कापड मळलं असेल तर नवं बांधा.